स्ट्रेस आणि स्ट्रेन: शॉपफ्लोअरवर, साइटवर आणि वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तळोजा. ठाणे-नवी मुंबईच्या या औद्योगिक पट्ट्यात रोज लोखंड कापलं जातं, जोडलं जातं, टांगलं जातं. ते करणाऱ्या फॅब्रिकेटरांना, साइट सुपरवायझरांना आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या की बहुतेक गोंधळ सुरू होतो, म्हणून तो मुद्दा खाली पुन्हापुन्हा येईल.

भार आणि स्ट्रेस एकच ना? टनात सांगितलं की झालं.

नाही. भार बाहेरून येतो. त्याला तोंड देताना मटेरियलच्या आत दर चौरस मिलिमीटरच्या वाट्याला जे बल येतं, तो स्ट्रेस. विळीला धार लावली की तोच हात, तोच जोर, पण भोपळा कापला जातो. जोर वाढलेला नसतो, तो टेकण्याची जागा कमी झालेली असते.

१२ मिमी सळईला १ टन टांगला असं धरा. १ टन म्हणजे ९८१० न्यूटन. सळईचं क्षेत्रफळ ११३ चौ.मिमी. भागाकार ८७ न्यूटन प्रति चौ.मिमी. साध्या एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, यील्ड (ज्या स्ट्रेसपुढे ते कायमचं ताणलं जातं ती हद्द) २५० असते, म्हणजे चिंता नाही. तोच टन ८ मिमी सळईला टांगा. क्षेत्रफळ ५० चौ.मिमी, स्ट्रेस १९५. अजून तुटणार नाही, पण हाताशी काही उरलं नाही. एक झटका बसला तरी यील्ड ओलांडेल. व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, हे अंदाज बांधताना विसरलं जातं.

प्रतिबल, विकृती, ताण: नक्की कोणता शब्द कशासाठी?

मराठी पाठ्यपुस्तकांत स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती म्हणतात. बोलताना लोक स्ट्रेसलाही ‘ताण’ म्हणतात. तिथे घोळ होतो, कारण ताण म्हणजे ओढ, आणि दाबातही स्ट्रेस असतोच. इथे आम्ही स्ट्रेस-स्ट्रेनच वापरतो. ताण आणि दाब हे त्याचे प्रकार, तिसरा प्रकार शिअर, म्हणजे कातरणं.

एककं कोणती वापरावीत? जुन्या ड्रॉइंगवर किलो असतं, नव्यावर एमपीए.

न्यूटन आणि मिलिमीटर ही जोडी धरा आणि सोडू नका. १ न्यूटन प्रति चौ.मिमी म्हणजेच १ मेगापास्कल, त्यामुळे रूपांतर करावंच लागत नाही. १ जीपीए म्हणजे १००० मेगापास्कल. जुन्या ड्रॉइंगवरचा १ किलो प्रति चौ.मिमी म्हणजे ९.८१ मेगापास्कल, आणि १ किलो प्रति चौ.सेंमी म्हणजे ०.०९८ मेगापास्कल. चुका दोन ठिकाणी होतात. एक, किलोला ९.८१ ने गुणायचं राहतं आणि उत्तर दहापट लहान येतं. दोन, मोमेंट (वाकवणारं बल गुणिले अंतर) काढताना लांबी मीटरमध्ये आणि सेक्शन मॉड्युलस (छेदाच्या आकारावरून ठरणारं वाकण्याविरुद्धचं माप) घन सेंमीत राहतो. उत्तर हास्यास्पद मोठं किंवा लहान आलं तर सूत्रावर शंका घेण्याआधी एककं तपासा.

स्ट्रेनला एकक का नाही?

कारण तो लांबीतला फरक भागिले मूळ लांबी. मिमीला मिमीने भागलं की एकक उडतं. आकडे फार लहान येतात म्हणून दशलक्षात मोजतात, त्याला मायक्रोस्ट्रेन म्हणतात. वरची १२ मिमी सळई ३ मीटर लांब असेल तर १ टनाखाली ती १.३ मिमी लांबते, म्हणजे ४३४ मायक्रोस्ट्रेन. डोळ्याला दिसणार नाही, पण लांबलेली असते.

एक आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. साधं एमएस मीटरमागे १.२५ मिमी ताणलं गेलं की ते यील्डला पोचतं. त्यापुढे भार काढला तरी ते मूळ लांबीवर परत येत नाही.

यंग्ज मॉड्युलस म्हणजे मटेरियलची ताकद का?

नाही. तो ताठपणा आहे. मटेरियल स्थितिस्थापक हद्दीत असेपर्यंत स्ट्रेस आणि स्ट्रेन एकाच प्रमाणात वाढतात. रॉबर्ट हूकने हे प्रमाण १६७८ मध्ये मांडलं. आज आपण शिकतो तशी ‘दर क्षेत्रफळामागे बल’ ही कल्पना कोशीने १८२२ च्या सुमारास घडवली. त्या सरळ रेषेचा चढ म्हणजे यंग्ज मॉड्युलस. पोलादाचा २,००,००० मेगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ७०,०००, एम२५ काँक्रीटचा आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या सूत्राने २५,०००.

आता मुद्दा. साधं ई२५० घ्या, ई३५० घ्या, एफई ५००डी सळई घ्या (ग्रेडच्या नावातला आकडा म्हणजे यील्ड) किंवा कडक केलेलं स्प्रिंग स्टील घ्या. यील्ड २५० पासून हजाराच्या पुढे जाते, पण मॉड्युलस सगळ्यांचा जवळपास तोच, दोन लाख. कार्बन वाढवून किंवा पाणी देऊन पोलाद मजबूत होतं, ताठ होत नाही. ताठपणा अणूंमधल्या बंधांवर ठरतो, आणि ते बंध दोन्हीकडे लोखंडाचेच असतात. महागडं स्टील वापरूनही शेड हलते, प्लॅटफॉर्म डुलतो, कारण ग्रेड बदललं पण सेक्शन, म्हणजे छेदाचा आकार, तोच राहिला.

बीमला झोल येतो आहे. वरच्या ग्रेडचं स्टील घातलं तर थांबेल का?

थांबणार नाही. आकड्यांत बघू. आयएसएमबी २०० (२०० मिमी खोलीचा आय-बीम), ४ मीटर गाळा (दोन आधारांमधलं अंतर), दोन्ही टोकं नुसती टेकलेली, मधोमध २ टन.

मोमेंट = १९,६२० × ४००० ÷ ४ = सुमारे १ कोटी ९६ लाख न्यूटन-मिमी. याचा सेक्शन मॉड्युलस २२३.५ घन सेंमी, म्हणजे २,२३,५०० घन मिमी. भागा: स्ट्रेस ८८ मेगापास्कल. यील्ड २५०, त्यामुळे कागदावर बीम आरामात आहे.

आता झोल. भार गुणिले गाळ्याचा घन, भागिले ४८ गुणिले यंग्ज मॉड्युलस गुणिले जडत्वाचा मोमेंट (हेही छेदाच्या आकाराचंच माप). या सेक्शनचा जडत्वाचा मोमेंट २२३५, सेंमीच्या चौथ्या घातात. उत्तर ५.८५ मिमी. हा बीम हाताने चालणाऱ्या क्रेनचा गँट्री (क्रेन ज्यावर धावते तो बीम) असेल तर पोलादी कामाच्या आयएस ८०० या मानकाची मर्यादा गाळ्याचा ५०० वा भाग, म्हणजे ८ मिमी, पास. ५० टनांपर्यंतच्या इलेक्ट्रिक क्रेनसाठी मर्यादा ७५० वा भाग, ५.३ मिमी; नापास. ८८ च्या स्ट्रेसवर नापास! ई३५० घातलं तरी ५.८५ चं ५.८५ च राहणार, कारण सूत्रात यील्ड कुठेच नाही.

मग काय करायचं? खोली वाढवा. पत्र्याची पट्टी उभी धरली तर वाकत नाही, आडवी धरली तर लगेच वाकते, हे कळंबोलीच्या लोखंड बाजारातला हमालही सांगेल. आयताकृती पट्टीची खोली दुप्पट केली की झोल आठव्या भागावर येतो, रुंदी दुप्पट केली तर फक्त निम्मा होतो. जागा असेल तर मध्ये आधार द्या. गाळा निम्मा झाला की एवढ्याच भाराखाली झोल एक-अष्टमांश होतो. वरून प्लेट वेल्ड करायची असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे करा. एकाच बाजूला केली की तटस्थ अक्ष (जिथे ना ओढ ना दाब अशी मधली रेषा) सरकतो आणि अपेक्षेइतका फायदा मिळत नाही.

वरच्या हिशोबात बीमचं स्वतःचं वजन आणि क्रेनचा झटका धरलेला नाही. शिवाय ४ मीटरमध्ये वरच्या फ्लँजला आडवा आधार नसेल तर बीम पिळवटून बाजूला झुकू शकतो. तो तपास वेगळा करावाच लागतो.

टेन्साइल टेस्टचा आलेख नीट कसा वाचायचा?

साध्या एमएसचा धरा. आधी सरळ चढ, ही स्थितिस्थापक हद्द. मग यील्ड: भार किंचित खाली येतो आणि थोडा वेळ जवळपास स्थिर राहतो, तुकडा मात्र लांबत जातो. त्यानंतर मटेरियल कामाने कडक होतं, आलेख पुन्हा चढतो आणि शिखर गाठतो. ते शिखर म्हणजे अंतिम तन्य मजबुती, ई२५० साठी किमान ४१०. शिखरानंतर तुकडा मध्ये कुठेतरी बारीक होऊ लागतो. याला नेकिंग म्हणतात. मग आलेख उतरतो आणि तुकडा पडतो.

‘शिखरानंतर स्ट्रेस कमी होतो’ हे बऱ्याच उत्तरपत्रिकांत लिहिलेलं असतं, आणि ते चूक आहे. आपण मूळ क्षेत्रफळानेच भागत राहतो म्हणून तसं दिसतं. नेकच्या जागी उरलेल्या क्षेत्रफळाने भागलं तर खरा स्ट्रेस तुटेपर्यंत वाढतच असतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या आलेखात यील्डचा ठळक टप्पा दिसत नाही. मग यील्ड कुठे धरायची?

०.२ टक्के स्ट्रेनपासून सरळ भागाला समांतर रेषा काढा. ती आलेखाला जिथे छेदते तो प्रूफ स्ट्रेस. टीएमटी सळईचा (आरसीसीत घालतात ती) टप्पा ठळक नसेल तर तिथेही हीच रीत.

सळईचा लॅब रिपोर्ट आला. त्यात काय बघू?

एफई ५००डी साठी आयएस १७८६ मागतं ते असं: यील्ड किमान ५००, अंतिम मजबुती किमान ५६५ आणि प्रत्यक्ष आलेल्या यील्डपेक्षा निदान १० टक्के जास्त, एलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंतचं लांबणं, किमान १६ टक्के. नुसत्या एफई ५०० ला एलाँगेशन १२ टक्के चालतं. ‘डी’ हे अक्षर या लवचिकतेसाठी आहे. भूकंपात इमारत तग धरते ती सळई न तुटता लांबते म्हणून. त्यामुळे यील्ड ५६० आली म्हणून खूश होण्याआधी एलाँगेशन बघा.

१२ मिमी सळईचं गणित: ५०० च्या यील्डला ५६.५ किलोन्यूटन लागतात. गेज लांबी पाचपट व्यास, म्हणजे ६० मिमी. तुटल्यावर दोन्ही तुकडे जुळवून ती ६९.६ मिमी किंवा जास्त भरली पाहिजे.

रिपोर्ट चुकतो तो बहुधा पुढच्या कारणांनी. टीएमटीला पाकळ्या असतात, म्हणून व्हर्नियरने व्यास मोजून क्षेत्रफळ काढायचं नसतं. तुकड्याचं वजन आणि लांबी घ्या. किलोतलं वजन भागिले ०.००७८५ भागिले मीटरमधली लांबी, आलं क्षेत्रफळ चौ.मिमीत. १२ मिमी सळईचं वजन मीटरला ०.८८८ किलो हवं. १० मिमीपर्यंत बॅचच्या वजनात ७ टक्के, त्यावर १६ मिमीपर्यंत ५ टक्के, आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के कमी-जास्त चालतं. साइटवर व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र पुरतं.

दुसरं, तुकडा जबड्यापाशी तुटला असेल तर एलाँगेशनचा आकडा विश्वासाचा नाही. नवा तुकडा लावा. तिसरं, भार फार वेगाने चढवला की यील्ड फुगून येते. चौथं, मशिनच्या क्रॉसहेडच्या सरकण्यावरून मॉड्युलस काढला की तो निम्म्याहूनही कमी येऊ शकतो, कारण जबड्यांचं घसरणं आणि मशिनच्या फ्रेमचं ताणणंही त्यात धरलं जातं. मॉड्युलस हवा असेल तर तुकड्यावरच एक्स्टेन्सोमीटर (लांबणं मोजणारं उपकरण) बसवा.

पॉयसनचं गुणोत्तर कामाला कुठे येतं?

एका दिशेने ओढलं की आडव्या दिशेने बारीक होतं, दाबलं की फुगतं. त्या दोन स्ट्रेनचं हे प्रमाण. पोलाद ०.३, काँक्रीट ०.१५ ते ०.२, रबर जवळपास ०.५. रबराचं घनफळ जवळजवळ बदलतच नाही, म्हणून पुलाच्या बेअरिंगमधला रबराचा पॅड दाबाखाली बाजूने फुगू पाहतो. त्यात पोलादी पत्रे चिकटवून थर केले की फुगणं अडतं आणि पॅड उभ्या दिशेने कितीतरी ताठ होतो. आडवं सरकायला मात्र मऊच राहतो, आणि पुलाला नेमकं तेच हवं असतं.

बोल्टच्या डोक्यावरचे ८.८, ४.६ हे आकडे काय सांगतात?

पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे अंतिम मजबुती. दोन्ही आकड्यांचा गुणाकार गुणिले १० म्हणजे यील्ड. ८.८ ची ८०० आणि ६४०, ४.६ ची ४०० आणि २४०. ओढीचा हिशोब करताना दांड्याचं क्षेत्रफळ घेऊ नका, आट्यांचं घ्या. एम१६ चा दांडा २०१ चौ.मिमी असला तरी आट्यांत १५७ च उरतात. एम२० ला २४५.

पिन एकाच जागी कातरली जाणं आणि दोन जागी, यात फरक किती?

सरळ दुप्पट. २० मिमी पिनवर ५ टन: एका बाजूनेच पट्टी असेल तर ३१४ चौ.मिमीवर १५६ मेगापास्कल. दोन कानांमध्ये पट्टी बसवली तर पिन दोन ठिकाणी कातरली जाते, ७८. यील्डच्या साधारण ०.५८ पटीवर पोलाद शिअरमध्ये यील्ड होतं, म्हणजे २५० च्या पोलादासाठी १४४. पहिली पिन त्या हद्दीच्या पलीकडे गेलेली आहे. कान आणि पट्टी यांच्यात फट ठेवली तर पिन वाकूही लागते. वॉशर भरून फट काढा.

दाबाखालचा खांब स्ट्रेस कमी असूनही का कोसळतो?

कारण तो चिरडत नाही, वाकून निसटतो. याला बकलिंग म्हणतात, आणि इथेही ग्रेडला फार विचारलं जात नाही.

स्लॅबखाली लावतात तो ४८.३ मिमी बाहेरचा, ३.२ मिमी जाडीचा पाइप घ्या. क्षेत्रफळ ४५३ चौ.मिमी. यील्ड २४० धरली तर चिरडायला १०९ किलोन्यूटन लागतील, साधारण ११ टन. पण ३ मीटर मोकळा, दोन्ही टोकं बिजागरीसारखी धरली तर ऑयलरच्या सूत्राने २५ किलोन्यूटनलाच, अडीच टनांच्या आसपास, तो बाजूला वाकतो. मधोमध दोन्ही दिशांनी आडवा पाइप बांधून मोकळी लांबी १.५ मीटर केली की सूत्र १०० किलोन्यूटन सांगतं. प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, कारण तिथे यील्डही आड येते आणि पाइप कधीच तंतोतंत सरळ नसतो. तरी फरक मोठा पडतो.

सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) कोसळतं तेव्हा पाइप कमी पडले असं म्हटलं जातं. आधी बघावं की आडवे पाइप बांधले होते का, क्लॅम्प घट्ट होते का, आणि खाली मातीवर विटेचा तुकडा ठेवून भागवलं होतं का. वाकडा पाइप उभ्या आधाराला वापरू नका. त्याचा वाक हाच बकलिंगचा पहिला अर्धा रस्ता असतो.

काहीही टांगलेलं नाही, तरी स्ट्रेस येऊ शकतो?

येतो, तापमानाने. पोलाद अंशामागे ०.००००१२ पट लांबतं. मोकळं असेल तर नुसतं लांबतं, स्ट्रेस शून्य. अडवलं तर लांबायचं राहतं आणि स्ट्रेस येतो: मॉड्युलस × प्रसरण गुणांक × तापमानफरक. ३० अंशांना ७२ मेगापास्कल. सळईची लांबी कितीही असो, आकडा तोच.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. त्या काळच्या रुळांच्या जोडांत फट सोडावी लागे. १३ मीटरचा रूळ ३० अंशांत ४.७ मिमी लांबतो, ती फट त्यासाठी. आता रूळ सलग वेल्ड करतात आणि स्लीपरला जखडून ठेवतात. ६० किलोच्या रुळाचं क्षेत्रफळ ७६८६ चौ.मिमी, गुणिले ७२ म्हणजे एका रुळात सुमारे ५६ टनांचं बल. म्हणून रूळ ठरावीक तापमानाला जखडतात, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी दाब आणि जानेवारीच्या पहाटे ओढ दोन्ही आवाक्यात राहतात. खडी ढिली झाली तर दाबाखाली रूळ बाजूला वाकतो. पुन्हा बकलिंगच.

तळोज्याच्या किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल प्लांटमध्ये हेच स्टीमच्या पाइपांत घडतं. ५० मीटरची सरळ लाइन ३० वरून १८० अंशांवर गेली की ९० मिमी लांबते. दोन्ही टोकं पक्की केली तर हिशोबाने ३६० मेगापास्कल येतात, साध्या स्टीलच्या यील्डच्या वर. मग लाइन नागमोडी होते, सपोर्ट उखडतात, फ्लँज गळतात. एक टोक अँकर करा, पुढे सरकते सपोर्ट द्या, मध्ये लूप घाला. लूप घातल्यावर कोणीतरी ‘हलतो आहे’ म्हणून त्याला क्लॅम्प मारून ठेवतो. तो क्लॅम्प काढा.

भार हिशोबात होता, तरी शाफ्ट तुटला. का?

तुटलेला भाग बघा. शिंपल्यावर असतात तशा अर्धवर्तुळाकार रेषा असतील आणि एका बाजूला खडबडीत उरलेला तुकडा असेल, तर तो फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने आलेला थकवा, आहे. फिरणाऱ्या शाफ्टच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ओढीत आणि एकदा दाबात जातो. १४४० आरपीएमवर दिवसाला वीस लाखांहून जास्त फेरे होतात. यील्डच्या बऱ्याच खालच्या स्ट्रेसवरही तडा सुरू होतो आणि हळूहळू सरकतो.

सुरुवात बहुधा खाचेपाशी होते. रुंद पट्टीत लहान गोल भोक पाडलं की भोकाच्या कडेला सरासरीच्या तिप्पट स्ट्रेस असतो. शाफ्टच्या पायरीवर टूलने काटकोन सोडला, कीवेचा (चावी बसवायच्या खोबणीचा) कोपरा धारदार ठेवला, किंवा पृष्ठभागावर पंचाने नंबर मारला की तिथेही तसंच. पायरीला जमेल तेवढी मोठी त्रिज्या द्या. बेअरिंगच्या आतल्या कडेला ती अडत असेल तर आत सवलतीची खोबण घ्या, कोपरा मारू नका. पत्र्यात तडा जाताना दिसला तर त्याच्या टोकाला भोक पाडून तो तात्पुरता थोपवता येतो. टोक नेमकं सापडलं पाहिजे, म्हणून डाय-पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) वापरा. नुसत्या डोळ्यांनी दिसतं त्याच्या पुढेही तडा थोडा असतोच.

पॉलिश केलेल्या लहान नमुन्यावर पोलादाची फटीग मर्यादा अंतिम मजबुतीच्या निम्म्याच्या आसपास असते. वेल्डच्या कडेला मात्र ती फार खाली येते, आणि तिथे वरच्या ग्रेडचा फायदा जवळजवळ मिळत नाही. अटल सेतूवर मोठ्या गाळ्यांसाठी ऑर्थोट्रॉपिक पोलादी डेक आहे. अशा डेकमध्ये खाली वेल्ड केलेल्या बरगड्या असतात आणि प्रत्येक चाक एक फेरा देऊन जातं, म्हणून तिथल्या वेल्डच्या बारकाव्यांना एवढं महत्त्व. आणि खाडीची खारी हवा: गंज चढू लागला की ‘याच्या खाली कधीच तुटणार नाही’ अशी मर्यादा उरतच नाही. रंग हा इथे मजबुतीचा भाग धरा.

काँक्रीटच्या बीमला केसाएवढी तडा आहे. घाबरायचं?

त्याआधी रुंदी मोजा. एम२५ काँक्रीट वाकताना साधारण ३.५ मेगापास्कल ओढीला तडकतं. मॉड्युलस २५,००० ने भागा: १४० मायक्रोस्ट्रेन. सळई कामाच्या भाराखाली हजारच्या आसपास मायक्रोस्ट्रेन घेते. सळई कामाला लागेपर्यंत भोवतालचं काँक्रीट तडकणारच, आरसीसी याच समजुतीवर उभं आहे. आयएस ४५६ सर्वसाधारणपणे ०.३ मिमी, सतत ओलाव्यात ०.२ आणि कडक परिस्थितीत ०.१ मिमीची मर्यादा सांगतं.

वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींत सळईच्या रेषेतच लांब तडा, तांबूस डाग आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल तर तो प्रकार वेगळा. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो आणि कव्हरला आतून फाडतो. वरून प्लॅस्टर फासून तो थांबत नाही. सुटं काँक्रीट काढून सळई उघडी करा, साफ करा, किती खाल्ली गेली ते मोजा. १२ मिमीची १० मिमी उरली तर क्षेत्रफळ ११३ वरून ७८.५ झालं, आणि तोच भार असेल तर स्ट्रेस ४४ टक्क्यांनी वाढला. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून सळई जोडायची.

स्ट्रेस थेट मोजता येतो का?

चालू जॉबवर आपण मोजतो तो स्ट्रेन, स्ट्रेस त्यावरून काढतो. १२० ओहमचा स्ट्रेन गेज (ताणला की रोध बदलणारी, चिकटवायची बारीक जाळी), गेज फॅक्टर २ असेल तर १००० मायक्रोस्ट्रेनला रोध ०.२४ ओहमने बदलतो. एवढासा बदल व्हीटस्टन ब्रिज या सर्किटने पकडतात. गेज चिकटवताना रंग आणि गंज पूर्ण काढा, बारीक पॉलिश पेपर मारा, सॉल्व्हंटने एकाच दिशेने पुसा, बोट लावू नका. डिंकात बुडबुडा राहिला तर वाचन सरकत राहतं. उन्हात काम असेल तर त्याच धातूच्या, भार नसलेल्या तुकड्यावर दुसरा गेज लावून तापमानाचा परिणाम वजा करा. पावसाळ्यात मेण किंवा सिलिकॉनचा थर दिल्याशिवाय गेज टिकत नाही.

दोन पायांची स्लिंग (जॉब उचलायचा दोर किंवा पट्टा) आहे म्हणजे प्रत्येकावर निम्मा भार, बरोबर?

दोन्ही पाय उभे असतील तरच. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर ०.५८ पट, ९० ला ०.७१ पट आणि १२० ला पूर्ण भार. म्हणजे १२० अंशांवर २ टनांच्या जॉबसाठी प्रत्येक पायावर २ टन. ९० च्या पुढे जाऊ नका; पाय कमी पडत असतील तर लांब स्लिंग आणा किंवा स्प्रेडर बीम लावा.

वायर रोप स्लिंगला सहसा ५ चा आणि वेब (पट्ट्याच्या) स्लिंगला ७ चा सुरक्षिततेचा फॅक्टर धरतात. हा फॅक्टर झटका, झीज आणि धारदार कड यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे, जास्त वजन उचलण्यासाठी नाही. टॅगवरचा आकडा फॅक्टर धरूनच लिहिलेला असतो. टॅग गळून पडलेली स्लिंग बाजूला काढा.